गाडीतून उतरताना बसणारा 'टक्'

डिसेंबरातली कोरडी सकाळ. तुम्ही गाडीतून उतरता, दार लोटायला हात लावता आणि बोटाच्या टोकाला 'टक्'! शेजारचा लगेच सांगतो, "गाडीत करंट उतरलाय, मेकॅनिकला दाखवून घ्या." हसू नका. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करूनही मी जवळजवळ हेच मानत होतो. गाडी हवेत घासली जाते, टायर रबराचे, मग चार्ज जाणार कुठे? म्हणून गाडीखाली लोंबकळणारा तो रबरी पट्टा आणून बसवला. झटके जसेच्या तसे.

माझं गृहीतक कुठे चुकलं, ते मला पुस्तकातल्या सूत्रांपेक्षा इतिहासाने जास्त नीट समजावलं. तुमच्यापैकी बरेच जण नेट किंवा पेटची तयारी करताय, उद्या स्वतःचे प्रयोग मांडणार आहात, म्हणून तो इथे सांगतो.

सुरुवात करू स्टीफन ग्रेपासून. हा मूळचा कँटरबरीचा रंगारी, उतारवयात लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय आश्रमात राहणारा. पदवी नाही, प्रयोगशाळा नाही. घासलेल्या काचेच्या नळीतली वीज दोऱ्यावरून किती लांब नेता येते, हे तो आणि त्याचा मित्र ग्रॅनव्हिल व्हीलर 1729 च्या उन्हाळ्यात तपासत होते. लांबलचक दोरा आडवा न्यायचा तर मध्ये मध्ये आधार हवा. आधारातूनच वीज निसटू नये म्हणून व्हीलरने सुचवलं की रेशमाचा धागा वापरू. तो बारीक, त्यातून जाऊन जाऊन किती जाणार? प्रयोग झकास जमला. म्हणजे 'बारीक आधार चालतो' हे गृहीतक सिद्ध झालं, नाही का?

पुढे दोरा वाढवला तेव्हा वजनाने रेशीम तुटलं. मग त्यांनी तितकीच बारीक पण मजबूत अशी पितळी तार लावली. आणि वीज गायब! जाडी तीच, निकाल उलटा. मुद्दा बारीकपणाचा नव्हताच, पदार्थाचा होता. वाहक आणि विसंवाहक हा फरक जगाला नीट कळला तो असा, एक धागा तुटल्यामुळे. माझ्या मते विजेच्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर 'कंट्रोल' प्रयोग आहे, आणि तो नाइलाजाने झाला!

पुढच्याच वर्षी ग्रेने एका मुलाला विसंवाहक दोरांवर आडवं टांगलं आणि काचेची नळी त्याच्याजवळ धरून त्याला विद्युतभारित केलं. मुलाच्या हाताकडे धातूच्या वर्खाचे तुकडे उडत येऊ लागले. पॅरिसमध्ये द्यु फे तर स्वतःच असा टांगून घेई; कोणी त्याच्या अंगाजवळ बोट नेलं की चटका देणारी ठिणगी उडे. आता त्या दोरांच्या जागी तुमच्या बुटांचे सिंथेटिक तळवे ठेवा. गाडीतून उतरणारे तुम्ही म्हणजे तो टांगलेला मुलगा. चार्ज गाडीवर नाही, तुमच्यावर आहे.

पण तो आला कुठून? इथे व्होल्टा कामाला येतो. 1775 साली त्याने एक उपकरण लोकांपुढे आणलं, इलेक्ट्रोफोरस (तसंच काहीसं विल्केने आधी केलं होतं, पण नाव व्होल्टाचं झालं). राळेची लादी घासायची, तिच्यावर धातूची तबकडी ठेवायची, तबकडीला क्षणभर बोट लावायचं आणि मग काचेच्या मुठीने ती उचलायची. लादीवर असताना तबकडी शांत. उचलली की चांगली ठिणगी देते. चार्ज तेवढाच, पण विरुद्ध चार्जपासून लांब नेल्यावर कॅपॅसिटन्स घटते आणि व्होल्टेज चढतं.

सीट आणि तुमचे कपडे यांचं हेच होतं. बसलेले असताना दोघांवरचे विरुद्ध चार्ज एकमेकांना चिकटून असतात, काही जाणवत नाही. उठलात की अंतर वाढतं आणि तुम्ही काही हजार व्होल्टवर जाता. (उपमा तंतोतंत नाही. तबकडीत चार्ज प्रवर्तनाने येतो, इथे स्पर्श होऊन अलग होण्याने.) दमट हवेत हा चार्ज पृष्ठभागावरून झिरपून जातो, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात असा झटका सहसा बसत नाही आणि विदर्भातल्या हिवाळ्यात बसतो.

माझा पट्टा का हरला, ते आता उघड आहे. शिवाय टायर 'रबर म्हणजे विसंवाहक' इतके सरळ नसतातच. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून त्यांत काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळू लागले आणि ते थोडीफार वीज वाहून नेऊ लागले. 1992 मध्ये मिशलिनने इंधन वाचवणारे सिलिकायुक्त टायर आणले. सिलिका वीज वाहत नाही, म्हणून अशा टायरांत वाहक रबराची एक बारीक पट्टी सोडावी लागते. गाडीचा चार्ज जायची सोय बहुधा कंपनीनेच केलेली असते.

पटत नसेल तर माझ्यासारखे पैसे घालवू नका. कोरड्या दिवशी उभ्या गाडीत, इंजिन बंद ठेवून, फ्लीसचं जॅकेट घालून बसा, थोडं घसरून उतरा आणि दाराला हात लावा. गाडी इंचभरही हललेली नसताना 'टक्' झालं, तर हवेच्या घर्षणाचं गृहीतक तुमच्या झटक्यापुरतं बाद. हा प्रयोग मी पट्टा घ्यायच्या आधी करायला हवा होता.

झटका टाळायचा तर उठण्याच्या आधीच दाराच्या चौकटीचा उघडा धातू धरा (रंगाचा थर विसंवाहक असतो) आणि पाय जमिनीला टेकून पूर्ण बाहेर येईपर्यंत सोडू नका. चार्ज जसा वेगळा होतो तसाच निघून जातो, साठत नाही. धरायचं विसरलात, तर मुठीत घट्ट धरलेली किल्ली किंवा नाणं धातूला टेकवा. ठिणगी किल्लीच्या टोकावर पडते, बोटाच्या एका बिंदूत घुसत नाही.

पेट्रोल भरताना मात्र ही ठिणगी-युक्तीही नको. शरीराची कॅपॅसिटन्स साधारण 150 पिकोफॅरड धरा. 3,000 व्होल्टला, म्हणजे झटका जेमतेम जाणवतो तिथे, अर्धा सी व्ही वर्ग काढला की सुमारे 0.7 मिलिजूल येतात. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं योग्य मिश्रण पेटायला 0.25 मिलिजूलही पुरतात. अमेरिकेत लोक स्वतः पेट्रोल भरतात. नोझल लावून मध्येच गाडीत जाऊन बसायचं आणि परत येऊन नोझलला हात लावायचा, यातून तिथे आगी लागलेल्या आहेत. आपल्याकडे नोझल पंपावरच्या माणसाच्या हातात असतं, हे आपलं नशीब. पण ट्रॅक्टरसाठी, पंपसेटसाठी कॅन भरून नेणारे तुमच्याही गावात असतील. त्यांना सांगा, कॅन गाडीत ठेवून भरायचा नाही, खाली जमिनीवर ठेवूनच भरायचा.