बँड मोडला, पण साठलेले ६०० डॉलर वाटून घेतले नाहीत! 'मायनर थ्रेट'ची गोष्ट

१९८० साल. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन डीसीत इयन मकाय आणि जेफ नेल्सन या शाळेपासूनच्या मित्रांचा 'टीन आयडल्स' हा बँड मोडला. कार्यक्रमांतून साठलेले सुमारे ६०० डॉलर होते. चौघांनी वाटून घ्यायचे, की रेकॉर्ड काढायची?

पैशांचं काय केलं?
रेकॉर्ड काढली. त्यासाठी 'डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स' हे स्वतःचं लेबल सुरू केलं. रेकॉर्डची कव्हरं हाताने कापून, दुमडून चिकटवली.

नवा बँड कसा जमला?
मकाय आणि नेल्सनने लाईल प्रेसलर (गिटार) आणि ब्रायन बेकर (बेस) यांना सोबत घेतलं. नेल्सन ड्रम्सवरच राहिला; आधी बेस वाजवणारा मकाय आता गाऊ लागला. हाच 'मायनर थ्रेट'.

हार्डकोर म्हणजे काय?
पंकपेक्षाही वेगवान, आक्रमक आणि छोटी गाणी. त्यांचं 'स्ट्रेट एज' जेमतेम ४६ सेकंदांचं. दारू-ड्रग्ज नाकारणाऱ्या या गाण्याच्या नावानेच पुढे चळवळ उभी राहिली.

पुढे काय झालं?
१९८३ मध्ये हाही बँड मोडला. डिस्कॉर्ड मात्र टिकलं. मकायच्या पुढच्या 'फुगाझी' बँडच्या रेकॉर्ड्सही तिथूनच निघाल्या.