पहारा बसण्यापूर्वी

बडोद्यात मांडवीनजीकच्या घडियाळी पोळेत, म्हणजे एका दरवाजाआडच्या वस्तीत, संगणकाच्या प्रारंभसंहितेचा इतिहास चाळताना माझ्या मनात पोळेच्या दरवाजाचाच दृष्टांत येतो. कारण पहारेकऱ्याची नेमणूक होण्यापूर्वीच त्याच्या भरवशावर निजणे, हाच या विद्येतील आद्य प्रमाद होय. लिनक्सची गर्भसंहिता, म्हणजे कर्नल, १९९१ मध्ये प्रकट झाली तेव्हा इंटेलचे यंत्र जागे होताच सोळा-बिटी अवस्थेत असे, आणि तेथील कामकाज असेंब्लीतच लिहिले जाई. २००७ मध्ये एच. पीटर अन्विन यांनी ते सी भाषेत आणले खरे, परंतु जीसीसी हा कंपायलर बत्तीस-बिटीच फर्माने काढत असल्यामुळे असेंब्लरला एका विशेष सूचनेने फसवावे लागे. 'एम-१६' हा स्वतंत्र फ्लॅग जीसीसीच्या २०१४ च्या ४.९ आवृत्तीत दाखल झाला. (फ्लॅगला मी 'शेरा' म्हणेन, दप्तरी कागदावर मारतात तसा.)

तथापि खरी मेख 'स्टॅक प्रोटेक्टर'ची, म्हणजे स्टॅकची नासधूस पकडणाऱ्या तपासणीची. हा पहारेकरी प्रत्येक सीपीयूच्या खासगी जागेतून खुणेची संख्या वाचतो; ती जागा मुक्रर होण्यापूर्वी त्याला बोलावले तर रक्षकच घर पाडतो. म्हणून आरंभीच्या फायलींवर त्याच्या मनाईचा शेरा मारतात. 'फ्रीस्टँडिंग' हा दुसरा शेरा प्रमाण ग्रंथालयाचा आधार गृहीत धरू देत नाही. आणि तरीही जीसीसी मेमकॉपी, मेमसेट या फंक्शनांची मागणी करतोच, म्हणून ती कर्नललाच स्वतः पुरवावी लागतात.