घाटाचा राजा आणि सपाटीचा स्वार

सायकलशर्यतीतला सर्वांत मोठा मान कोणता, असे एखाद्या जुन्या पुणेकराला विचारून पाहावे. क्षणाचाही विलंब न लावता तो ‘घाटाचा राजा’ असे उत्तर देईल. मुंबई–पुणे शर्यतीतले स्वार पनवेल, खोपोली करीत बोरघाटाच्या पायथ्याशी येत आणि तेथून खंडाळ्याचा माथा जो सर्वांआधी गाठी, त्याला हा किताब मिळे. पुण्यात पहिला कोण पोचला हे एखादे वेळी विसरले जाई. घाटाचा राजा मात्र पुढच्या शर्यतीपर्यंत राजाच राही. या शर्यतीला मध्ये मध्ये खंडही पडले, पण किताबाचे वजन काही उतरले नाही.

याचे मूळ आपल्या स्वभावात असावे. मराठी मनातला पराक्रम गड, खिंड आणि घाट यांच्याशी बांधलेला. छातीचा भाता फुगवून चढण चढणारा तो मर्द. सपाटीवर जोराने जाणाऱ्याचे त्यात काय मोठे, असा आपला एक समज. माणसांपुरताच हा समज आहे, हे मात्र मान्य केले पाहिजे. जनावरांच्या बाबतीत आपण फार उदार आहो. बैलगाडा शर्यतीत सारा खेळ काही सेकंदांचा. जीव तोडून धावलेल्या त्या चार बैलांसाठी गावेच्या गावे लोटतात, आणि गंमत अशी की पुणे जिल्ह्यात त्या धावपट्टीलाही घाटच म्हणतात! या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली आणि २०२३ साली घटनापीठाने त्या पुन्हा वैध ठरविल्या. मधल्या काळात गावोगावी केवढी तळमळ होती, ते पाहणाऱ्यांनी पाहिलेच आहे.

असो. बारामती आणि इंदापूर हा सारा मुलूख या सपाटीचा. पश्चिमेला पुरंदरचे डोंगर मागे टाकले की जमीन हळूहळू पसरट होत जाते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसाचे मळे लागतात, माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांच्या चिमण्या दिसू लागतात, आणि रस्ता आरशासारखा सरळ होऊन थेट भिगवण-इंदापूरकडे, उजनीच्या पाण्याकडे धावतो. तुकोबांची पालखी याच वाटेने बारामती, सणसर, अंथुर्णे, निमगाव केतकी करीत इंदापुरास जाते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते आणि बेलवाडीला अश्वांचे. बेलवाडीच्या रिंगणात घोडा सुटतो तो क्षण ज्याने पाहिला असेल, त्याला वेगाचे वेड म्हणजे काय हे निराळे समजावून सांगायला नको. अशा मुलखातला एखादा सतरा-अठरा वर्षांचा पोर, कालव्याच्या रस्त्याने शाळेला सायकल दामटीत वाढलेला, मांड्यांत बळ आणि अंगात चपळाई असलेला, उद्या ‘मला सायकलशर्यतीवर पोट भरायचे आहे’ म्हणाला, तर त्याला काय सांगावे?

प्रथम त्याला त्याची जात सांगितली पाहिजे. रस्त्यावरच्या शर्यतीत निरनिराळ्या जातींचे स्वार असतात. चढणीचा वेगळा, घड्याळाविरुद्ध एकट्याने धावणारा वेगळा, आणि शेवटच्या दोनशे मीटरांचा धनी तो वेगळा. या शेवटच्याला स्प्रिंटर म्हणतात. चार तास तो घोळक्यात अंग चोरून बसतो, आणि दहा-बारा सेकंदांत, ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरच्या वेगाने, दिवसभराची सारी पुंजी उधळून टाकतो. ही अंगचोरी म्हणजे आळस नव्हे. सायकलस्वाराचा खरा वैरी वारा. पुढच्याच्या मागच्या चाकाशी चिकटून चालणाऱ्याचे श्रम तिसऱ्या हिश्श्याने तरी वाचतात. म्हणूनच स्प्रिंटरच्या पुढे त्याचेच चार-पाच सोबती रांग धरतात. एकेक जण वारा अंगावर घेतो, दमला की बाजूला सरतो, आणि अखेरच्या क्षणी आपल्या गड्याला मोकळ्या रस्त्यावर सोडून देतो. नाव एकाचे छापून येते, पण कष्ट अर्ध्या संघाचे असतात. एकट्याने कालव्याच्या रस्त्यावर कितीही वेग काढला तरी ही विद्या येत नाही. ती घोळक्यातच, कोपराला कोपर लावूनच शिकावी लागते.

आपल्या देशात घोळक्याची ही शाळा कधी नीट भरलीच नाही. १९३८ साली सिडनीच्या साम्राज्य क्रीडास्पर्धेत भारताच्या वतीने एकच सायकलपटू उतरला, जानकी दास. पुढे हिंदी चित्रपटांतून चेहरा ओळखीचा झालेले जानकी दास ते हेच. १९४८च्या लंडन ऑलिंपिकला सायकलस्वारांचा चमू गेला. त्यात रोहिंटन नोबल, जहांगू अमीन, आदी हावेवाला ही मुंबईची पारशी मंडळी होती. त्या काळी मुंबईत या खेळाचा भार या समाजानेच उचलला होता, हे कृतज्ञतेने सांगायला हवे. त्यानंतर जे नाव झाले ते बहुतेक लाकडी धावपट्टीवर. २०१९ साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट-ऑडर येथे कनिष्ठांच्या जागतिक स्पर्धेत ईसो आल्बन, रोनाल्डो सिंग आणि रोजित सिंग या मुलांनी सांघिक स्प्रिंटचे सुवर्णपदक आणले. २०२२ला दिल्लीत रोनाल्डोने आशियाई स्प्रिंटचे रौप्य घेतले. ईसो अंदमानचा, तर रोनाल्डो मणिपूरचा. अंदमानातून वेगाचा वीर निघतो, तर उसाच्या पट्ट्यातून का निघू नये? धावपट्टी आपल्या बालेवाडीतही आहे.

रस्त्याचे मात्र वेगळे. २०११च्या फेब्रुवारीत मुंबईत परदेशी व्यावसायिक संघांची शर्यत झाली. ती जिंकणाऱ्यांत एलिया व्हिव्हियानी नावाचा इटालियन पोरगा होता, नुकतीच बाविशी गाठलेला, जातीचा स्प्रिंटर. पाच वर्षांनी रिओला त्याने धावपट्टीवरचे ऑलिंपिक सुवर्ण घेतले. मुंबईकरांनी त्याला मरीन ड्राइव्हच्या वाऱ्यात पाहिले काय आणि न पाहिले काय, आपल्या पोरांना त्याच्या चाकामागे चार दिवस बसायला मिळाले असते तर उपयोग. २०१६ साली दोहाच्या जागतिक स्पर्धेत नवीन जॉन आणि अरविंद पनवार उतरले, तेही वेळेविरुद्धच्या एकांड्या शर्यतीत. फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘तूर’मध्ये भारतीय स्वार अजून एकही गेलेला नाही.

अशात २०२६च्या जानेवारीत एक नवल घडले. पुणे ग्रँड टूर या नावाची, जागतिक गुण देणारी, अनेक दिवसांची शर्यत पुणे जिल्ह्यात झाली, आणि तिचा एक टप्पा पुरंदरातून निघून बारामतीत येऊन संपला. मोरोपंतांच्या बारामतीने आर्या ऐकल्या, निवडणुकीची भाषणे ऐकली. शंभरावर सायकलींच्या साखळ्यांची ती एकदम उठणारी सळसळही तिने ऐकली. एकूण शर्यत न्यूझीलंडच्या ल्यूक मडवेने जिंकली. टप्प्यांच्या विजेत्यांत भारतीय कोणी नव्हता. यात खंत करण्याचे कारण नाही. घोळका असा जवळून जातो तेव्हा मुलाला एका क्षणात जे कळते ते चित्रफीत पाहून कळत नाही: ही माणसे एकमेकांच्या किती जवळून चालतात, आणि किती निर्धास्त!

आता घाटाच्या राजाकडे पुन्हा यावे लागते. सपाटीच्या स्वाराला वाटते, आपला आणि घाटाचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार कडक आहे. मोठ्या शर्यतींत प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. पहिल्या स्वारानंतर ठराविक वेळात जो पोचला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी सायकल धरता येत नाही. मार्क कॅव्हेंडिश हा आजवरचा सर्वांत यशस्वी स्प्रिंटर. २०२४ साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्याने ‘तूर’मधला आपला ३५वा टप्पा जिंकून एडी मर्क्सचा विक्रम मागे टाकला. पण हाच कॅव्हेंडिश २०१८ला आल्प्सच्या डोंगरात वेळेच्या मर्यादेबाहेर राहून घरी गेला होता. तात्पर्य काय, तर बारामतीच्या पोराने आठवड्यातून एकदा तरी जेजुरी-सासवड करीत दिवे घाट गाठावा. त्याला राजा व्हायचे नाही. पण घाटाने हाकलून देता कामा नये. कॅव्हेंडिशची आणखी एक गोष्ट आईबापांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे: शाळा सुटल्यावर शर्यतीसाठी पैसे जमवायला तो बँकेत नोकरी करीत होता.

दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटते. एरिट्रिया हा आफ्रिकेतला छोटा, गरीब देश. इटालियन राजवटीने तेथे सायकल आणली. राजवट गेली, सायकल राहिली. आस्मारा शहरात रविवारच्या शर्यती ही लोकांची करमणूक होऊन बसली. त्या गर्दीतून २००० साली जन्मलेला बिनियाम गिर्माय निघाला. स्वित्झर्लंडमधील एगल येथे जागतिक संघटनेचे शिक्षणकेंद्र आहे, तेथे तो शिकला. एका फ्रेंच संघात लागला. २०२२ला बेल्जियमची गेंट–वेवेल्गेम जिंकला. त्याच वर्षी इटलीत टप्पा जिंकून मंचावर बाटली उघडताना तिचे बूच डोळ्यात उडाले आणि बिचाऱ्याला शर्यत सोडावी लागली! पण २०२४च्या ‘तूर’मध्ये त्याने तीन टप्पे आणि स्प्रिंटरांची हिरवी बंडी पटकावली. पुण्यालाही इंग्रजी अमलाने सायकल दिली, आणि सायकलींचे शहर म्हणून ते गाजले. फरक एवढाच, की पुण्याने सायकल कचेरीला नेली आणि आस्माराने शर्यतीला.

पोटाचा प्रश्न उरतोच. आपल्याकडे चांगल्या सायकलपटूचे स्वप्न रेल्वेची किंवा सैन्यदलाची नोकरी इथवर येऊन थांबते, आणि त्याला नावे ठेवण्याचा अधिकार शर्यतीची लाखाच्या घरातली सायकल ज्याने मुलासाठी कर्ज काढून घेतली नाही, त्याला नाही. जगात पहिल्या श्रेणीचे संघ अठरा. तेथे किमान वेतन बांधलेले आहे. सर्वांत खालच्या, ‘कॉन्टिनेंटल’ श्रेणीत मात्र तशी हमी जागतिक संघटना देत नाही. कित्येक मुले केवळ सायकल, कपडे आणि प्रवासखर्चावर धावतात. उमेदवारी तेथेच करावी लागते. आमचे मत विचाराल तर नोकरी घेऊन धावण्यात काही कमीपणा नाही. मात्र नोकरी लागली की सायकल भिंतीला टांगायची, ही रीत सोडली पाहिजे.

वेळही हिशेबाने मिळते. कनिष्ठ गट अठराव्या वर्षी संपतो, तेवीस वर्षांखालचा गट बाविसाव्या. आज सतराव्या वर्षात असलेल्या मुलाच्या हाती सहा हंगाम आहेत. बेल्जियमचा मुलगा या वयात वर्षाकाठी चाळीस-पन्नास दिवस घोळक्यात काढतो. आपल्याकडे ते दिवस आणायचे कोठून? दिवाळीनंतर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्यांनी हे रस्ते भरून जातात. तेव्हा तेथे शर्यत लावणे म्हणजे जिवाशी खेळ. उन्हाळ्यात डांबर पाघळते. ज्येष्ठ-आषाढात रस्ता वारकऱ्यांचा, आणि तो त्यांचाच असला पाहिजे. पण पालखी पुढे गेली की घटस्थापनेपर्यंत रस्ते मोकळे, आणि हा पट्टा पर्जन्यछायेतला, पाऊस बेताचाच. त्या तीन महिन्यांत बारा-तेरा रविवार येतात. सणसर ते निमगाव केतकी एवढाच रस्ता सकाळी सात ते नऊ अडविला, तरी वीस-पंचवीस मुलांचा घोळका कोपराला कोपर लावून धावू शकेल.