उपाशी टँक, माजलेलं शेवाळ

समुद्री प्रवाळ पाळणाऱ्यांमध्ये एक मत वेदवाक्य मानलं जातं. वाळूवर तपकिरी थर धरला म्हणजे पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलंय. तेव्हा माशांचं खाणं कमी करा, पाणी बदला, फॉस्फेट शोषणारं माध्यम घाला आणि दोन्ही आकडे शून्यावर आणा. हा पूर्वपक्ष दुबळा नाही. हिरव्या केसाळ शेवाळाच्या बाबतीत तो बहुतेकदा खरा ठरतो, आणि त्या यशावरच त्याची पत उभी आहे. तोच नियम तपकिरी थराला लावला की मात्र घोटाळा होतो.

कारण हा थर कुणा एकाच जीवाचा नसतो. नव्या टँकच्या पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि वाळूवर बसणारी, बोट फिरवताच निघणारी तपकिरी भुकटी बहुधा डायटमची. डायटमचं कवच सिलिकाचं, त्यामुळे सिलिकेटशिवाय त्याचं पान हलत नाही. दख्खनच्या बेसाल्टमधून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात सिलिका असतेच, आणि पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ-डीआय यंत्राचं रेझिन संपत आलं की सर्वांत आधी निसटते तीच. तिच्यावर विद्युतभार जवळजवळ नसल्याने विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर मख्खपणे शून्यच दाखवत राहतो! रेझिन बदलावं आणि धीर धरावा. डायटम सहसा आपणहून ओसरतात.

खरा वाद आहे तो डायनोफ्लॅजेलेटांचा. पाळणारे त्यांना नुसतं ‘डायनो’ म्हणतात. हा थर शेंबडासारखा ताणला जातो, त्याच्या तारांत हवेचे बुडबुडे अडकतात, दुपारी तो गडद होतो आणि रात्री दिवे गेल्यावर बराचसा नाहीसा होतो. टँकमधल्या गोगलगायी मरू लागल्या तर संशय आणखी बळावतो, कारण यातल्या ऑस्ट्रिऑप्सिससारख्या जाती विषारी असतात. 2005च्या उन्हाळ्यात इटलीतल्या जिनोआच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रिऑप्सिस माजला, तेव्हा सुमारे 200 माणसांना ताप, खोकला, श्वासाचा त्रास होऊन उपचार घ्यावे लागले. टँक खरवडताना हातमोजे घालावेत, ते यासाठी.

या डायनोंना उपाशी मारू म्हणणाऱ्यांनी त्यांचा आहार पाहावा. यातले कित्येक प्रकाशावर जगतात आणि वर जिवाणूही गिळतात. पाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट संपलं की आधी हाल होतात ते त्यांच्याशी जागेसाठी झगडणाऱ्या साध्या शेवाळांचे आणि जिवाणूंचे. रिकामं झालेलं मैदान डायनोंना आयतंच मिळतं. शिवाय ज्या प्रवाळांसाठी हा सगळा खटाटोप, त्यांच्या पेशींत राहून त्यांना अन्न पुरवणारी झूझँथेली हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच. साउदम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवून दिलं, की नायट्रोजन मुबलक पण फॉस्फेट तुटपुंजं अशा पाण्यात प्रवाळ उष्णतेच्या आणि प्रकाशाच्या ताणाला लवकर बळी पडून पांढरे होतात. तेव्हा फॉस्फेट शून्यावर नेणं म्हणजे घरच्यांना उपाशी ठेवून चोराची सोय करणं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: टेस्ट किटमध्ये शून्य दिसतं, कारण सगळं अन्न शेवाळानेच खाल्लेलं असतं. हिरव्या शेवाळाने भरलेल्या टँकमध्ये असं घडतं, हे मान्य. पण कारण तेच असतं, तर बाहेरून नायट्रेट-फॉस्फेट घातल्यावर डायनो आणखी फोफावायला हवे होते. अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव उलट आहे. नायट्रेट 5 ते 10 पीपीएम आणि फॉस्फेट 0.05 ते 0.1 पीपीएमपर्यंत सावकाश चढवलं की काही आठवड्यांत हिरवं शेवाळ दिसू लागतं आणि डायनो मागे सरतात. हा प्रयोगशाळेतला पुरावा नव्हे. पण ‘शून्यावर आणा’ या सल्ल्यामागे तरी दुसरं काय आहे?

इथवर पटलं तरी जात ओळखल्याशिवाय पुढचा उपाय ठरत नाही. ऑस्ट्रिऑप्सिस, कूलिया हे रात्री पाण्यात तरंगायला निघतात, म्हणून पुरेशा ताकदीचा यूव्ही दिवा त्यांना गाठतो. ॲम्फिडिनियम वाळू सोडत नाही. त्याच्यावर यूव्हीचे पैसे वाया. त्याच्यासाठी काहीजण मुद्दाम सिलिकेट घालून डायटम वाढवतात, म्हणजे पहिल्या शत्रूला दुसऱ्यावर सोडतात. सायनोबॅक्टेरियाचा थर लालसर-तपकिरी असतो आणि चादरीसारखा अखंड उचलला जातो. तो अँटिबायोटिकने मरतो, पण मोकळ्या झालेल्या जागेत पुष्कळदा डायनोच घुसतात.

ओळखायला फार सामग्री लागत नाही. थराचा नमुना थोड्या पाण्यात जोराने हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. त्यात पुन्हा तारा किंवा गोळे जमले, तर डायनो असण्याची शक्यता दाट. मग 400 पट मोठं दाखवणाऱ्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब पाहा. डायटम काचेवरून संथ सरकतात किंवा पडून राहतात. ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचा, एका टोकाशी बांधल्यासारखा गरगरतो. ॲम्फिडिनियम चपटा-लांबट, टोकाला छोटी चोच असलेला. डायनो दिसले, तर फॉस्फेट शोषणारं माध्यम त्याच दिवशी सम्पमधून, म्हणजे टँकला जोडलेल्या गाळणीच्या टाकीतून, बाहेर काढा आणि माशांना पुन्हा पोटभर खाऊ घाला.