नामदेवाचे घर आणि जनाबाईचे जाते

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले गंगाखेड हे संत जनाबाईचे गाव. नामदेवाच्या घराण्याचे मूळ स्थान म्हणून परंपरा ज्या नरसीचा निर्देश करते, तेही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत याच जिल्ह्यात होते. या दोन गावांचा संबंध जुळला तो मात्र पंढरपुरात. गंगाखेडच्या दमा नावाच्या भक्ताने आपली लहानगी मुलगी नामदेवाचा पिता दामाशेटी याच्या स्वाधीन केली व ती त्या घरची दासी झाली, असे परंपरा सांगते. नामदेवाचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. जनाबाई त्याची समकालीन होय. ईश्वरप्रेम आणि गृहधर्म यांचा विरोध या एकाच घरात दोन निरनिराळ्या रीतींनी प्रकट झालेला दिसतो.

साधनांची मर्यादा प्रथम ध्यानी घेतली पाहिजे. जनाबाईच्या नावावरील सुमारे साडेतीनशे अभंग मुख्यतः नामदेवाच्या गाथेच्या आश्रयाने टिकले. ते मौखिक परंपरेतून आल्यामुळे त्यांची भाषा चौदाव्या शतकातील जशीच्या तशी राहिलेली नाही. चमत्कारकथांना सर्वतोमुखी केले ते महिपतीच्या ‘भक्तविजया’ने, तो ग्रंथ १७६२ मधील, म्हणजे सुमारे चार शतकांनंतरचा. या साधनांवरून चरित्रातील घटना सिद्ध होत नाहीत. प्रेम आणि कर्तव्य यांविषयी परंपरेची धारणा काय होती, हे मात्र त्यांवरून निश्चितपणे कळते.

नामदेवाच्या बाबतीत कर्तव्याची बाजू त्याच्याच गाथेत नोंदली गेली आहे. माता गोणाई आणि पत्नी राजाई यांच्या तोंडचे अभंग तेथे आहेत. आपला मुलगा आपल्याला परत द्यावा म्हणून गोणाई विठ्ठलाशी भांडते. घरात अन्नवस्त्र नाही, हे राजाईचे गाऱ्हाणे आहे. परिसा भागवताच्या कथेत हा विरोध टोकाला जातो. राजाई परिसाच्या पत्नीकडून परीस मागून आणते. नामदेव तो चंद्रभागेत टाकून देतो. पुढे परिसा आपली वस्तू मागू लागताच नदीतील खडेच परीस झालेले त्याला दिसतात. भक्ताचे वैराग्य येथे सिद्ध होते, परंतु राजाईची चूल प्रश्नरूपानेच उरते. अद्‌भुत शक्ती घराच्या दारापर्यंत येते आणि परत जाते.

जनाबाईच्या कथांत तीच शक्ती घराच्या आत शिरते. विठ्ठल तिच्यासोबत दळतो, कांडतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो. येथे सोने निर्माण होत नाही, दास्यही सुटत नाही. दळण तेवढेच राहते, फक्त जात्याच्या खुंट्याला दुसरा हात लागतो. नामदेव संसाराकडे पाठ फिरवू शकला, कारण तो चालविणारे हात घरात होते. त्या हातांपैकी एक असलेल्या जनाबाईला ती मोकळीक नव्हती. म्हणून तिच्या कथेत देवालाच कामाला यावे लागले.

अभंगांतील भाषा याला पोषक आहे. ‘दासी जनी’, ‘नामयाची जनी’ या तिच्या नाममुद्रा होत. दुसरीतील षष्ठीचा ‘ची’ हा प्रत्यय ती कोणाच्या घरची, हे सांगतो. त्या जागी पिता वा पती यांचे नाव नाही. मुलीचे वा पत्नीचे नाते नसताना घरातील स्त्रीची सर्व कामे तिच्या वाट्याला आली आहेत. उलट संबोधनांत कमालीची मोकळीक आढळते. देव कधी ‘विठाबाई’ होतो, तर कधी रागाच्या भरात ‘विठ्या’. षष्ठीने तिला घराशी बांधले. संबोधनात ती आपले नाते स्वतः निवडते. डोक्यावरच्या पदराची पर्वा न करता बाजारात जाण्याची भाषाही याच मोकळिकेतून येते.

या जवळिकीची किंमतही कथा सांगते. घाईघाईत निघालेल्या विठ्ठलाचे पदक जनाबाईच्या घरी राहते आणि तिची वाकळ त्याच्या अंगावर जाते. बडवे तिच्यावर चोरीचा आळ घेतात आणि तिला सुळावर देण्याचे ठरते. अखेर सुळाचे पाणी होते. देवाच्या अंगावर दासीची वाकळ पाहून कोणी देवाला जाब विचारत नाही; दासीच्या घरी देवाचे पदक सापडले, तर मात्र ती चोर ठरते. चमत्काराने तिचा प्राण वाचतो, पण समाजाचा पहिला संशय कोणावर जातो, हे कथेने लपविलेले नाही.

तात्पर्य, या कथांनी प्रेम व कर्तव्य यांचा विरोध मिटविला असे म्हणता येत नाही. कर्तव्याचा भार कोण वाहत होते, हे त्यांनी जपून ठेवले. महाराष्ट्राच्या खेड्यांतून हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या प्रयत्नांनी एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या संकलित झाल्या. त्यांतही विठ्ठल सखा, बंधू, पाहुणा होऊन येतो. पहाटे एकटीने दळणाऱ्या स्त्रीला जनाबाईची कथा पटण्यास तत्त्वज्ञानाच्या आधाराची गरज नव्हती. दुसऱ्या हाताची उणीव तिला रोजच जाणवत होती.