कढईतले तेल आणि उद्यमनगरचे इंजिन

दरवर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो आणि १८९३ साली याच तारखेला रुडॉल्फ डिझेलने आपले पहिले इंजिन शेंगतेलावर चालवले, असे ठिकठिकाणी सांगितले जाते. ही गोष्ट खरी नाही. शेंगतेलाचा प्रयोग १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनातला. तो ऑटो कंपनीने करून दाखवला आणि त्यामागे फ्रेंच सरकारची इच्छा होती, कारण आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत होता आणि इंधन मात्र बाहेरून न्यावे लागत होते. डिझेलने १९१२ साली लिहून ठेवले आहे, की ते इंजिन खनिज तेलासाठी घडवलेले होते, त्यात काहीही फेरफार न करता शेंगतेल वापरले, आणि ते इतके सुरळीत चालले की फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आले. म्हणजे वनस्पती तेलावर इंजिन चालते का, हा प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वीच निकालात निघाला होता. तरीही ते तेल इंजिनात का गेले नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर कोल्हापूरकडे पाहावे. इथे इंजिनही होते आणि तेलही, पण दोन्ही एकत्र आले नाहीत.

कोल्हापूरच्या कारागिरांना यंत्राचे भय कधीच वाटले नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बाबूराव पेंटर आणि त्यांच्या साथीदारांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला. पुढे म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्यासारख्यांच्या पिढीने लेथ आणि ओतकाम यांच्या बळावर कारखानदारी उभी केली आणि शिवाजी उद्यमनगरचे नाव ऑइल इंजिनाशी जोडले गेले. आजूबाजूचा मुलूखही इंजिनांचाच होता. साताऱ्यात धनजीशहा कूपर यांच्या कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. किर्लोस्करांनी १९४६ साली खडकीला ऑइल इंजिनांची स्वतंत्र कंपनी काढली. या सगळ्याला गिऱ्हाईक होता शेतकरी. पंचगंगा, भोगावती, दूधगंगेचे पाणी उसाला पाजायचे, विहिरीवरची मोट सोडवायची, तर इंजिन हवे. ही इंजिने संथ फेऱ्यांची आणि दणकट बांध्याची असत. जाडसर इंधन पचवण्याची ताकद आजच्या नाजूक इंजिनांपेक्षा अशा इंजिनांत कितीतरी जास्त असते. त्याच शिवारात, गडहिंग्लज-कागलच्या पट्ट्यात, भुईमूग पिकत होता आणि गावोगावी तेलाचे घाणे फिरत होते.

यावर कोणी म्हणेल, की त्या काळी हे कोणाला सुचलेच नसेल. पण सुचले होते. ब्रसेल्स विद्यापीठात शाव्हान यांनी पामतेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून इंधन बनवण्याचे पेटंट १९३७ साली घेतले आणि पुढच्याच वर्षी ब्रसेल्स ते लूव्हाँ अशी बस त्यावर धावली. दुसऱ्या महायुद्धात चीनमध्ये तुंग तेलापासून मोटारीचे इंधन काढले गेले. भारतातही देशी तेलांवर डिझेल इंजिने चालवून त्यांचे निष्कर्ष त्याच दशकात छापून आले. पेट्रोलचे रेशनिंग होते आणि कितीतरी गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी जोडलेली होती. त्या बहुतेक गाड्या पेट्रोलच्या होत्या, त्यामुळे ही तुलना तंतोतंत लागू पडत नाही. पण टंचाईत माणूस लाकूड-कोळसा जाळायला तयार झाला आणि खाण्याच्या तेलाला हात लावायला तयार झाला नाही, एवढे त्यातून नक्की दिसते. कारण साधे आहे. शेंगतेल ताटातले. ते खनिज तेलापेक्षा महाग होते आणि आजही आहे. शेतकऱ्याने लिटरभर शेंगतेल विकून आलेल्या पैशात इंजिनाचे इंधन घ्यावे, हाच शहाणपणाचा व्यवहार होता. पुढे राधानगरी आणि कोयनेची वीज शिवारात पोहोचली तशी विजेची मोटर आली आणि इंजिनाचा मानच उतरला. तेलाचा प्रश्न सुटला नाही, तो बाजूला पडला.

अखाद्य तेलांचे काय, हा दुसरा आक्षेप. करंजाचे तेल दिव्यात जळत आलेले आहे आणि ते इंजिनातही जळते. कर्नाटकात बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी करंजाच्या तेलावर गावातले जनित्र चालवून दाखवले. मोगली एरंडाची मोहीम मात्र फसली. नियोजन आयोगाच्या समितीने २००३ साली तिची शिफारस केली, डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रणाचे स्वप्न रंगवले गेले, पण पडीक, कोरड्या जमिनीत झाड जगणे वेगळे आणि भरघोस बी देणे वेगळे. बी वेचायची मजुरी आणि तेलाचा भाव यांचा मेळ बसला नाही. म्हणजे कारण पुन्हा तेच, हिशेबाचे. ज्या तेलासाठी जमीन, पाणी आणि मजुरी नव्याने घालावी लागते, ते डिझेलशी स्पर्धा करू शकत नाही. स्पर्धा करू शकते ते एकच: ज्याचे पैसे वडा-भजी तळून आधीच वसूल झाले आहेत असे तेल.

कोल्हापूरला याचा पडताळा साखर कारखान्यांतच मिळतो. इथेनॉलची सुरुवात उसाच्या रसापासून नव्हे, मळीपासून झाली. साखर काढून झाल्यावर उरलेला तो अवशेष होता. रसापासून थेट इथेनॉल करायला २०१८ नंतर मोकळीक मिळाली, तीही सरकारने भाव बांधून दिल्यावर. आणि दुष्काळी वर्ष येताच डिसेंबर २०२३ मध्ये त्यावर निर्बंध आले. अन्न आणि इंधन समोरासमोर आले की अन्नाचा हक्क आधी असतो, आणि तसाच असावा.

तळून उरलेले तेल सरळ टाकीत ओतावे का? या बाबतीत उत्साह आवरला पाहिजे. वनस्पती तेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट घट्ट असते. जुन्या इंजिनात ते तापवून, डिझेलवर सुरू करून मग तेलावर आणता येते आणि बंद करण्याआधी पुन्हा डिझेलवर न्यावे लागते. तसे न केल्यास इंजेक्टरच्या तोंडाशी कार्बन साचतो, रिंगा अडकतात, वंगणाचे तेल चिकट होते. आजच्या जास्त दाबाच्या इंजिनाला तर ते मारकच. म्हणून मिथेनॉल आणि कॉस्टिकची प्रक्रिया करून, ग्लिसरीन वेगळे काढून त्याचे बायोडिझेल करावे लागते. ही रसायनविद्या अवघड नाही. अवघड आहे ते तेल गोळा करणे.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात, ते पुन्हापुन्हा तापल्याने वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के ठरवली. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी नोंद ठेवावी, असेही सांगितले. २०१९ साली तेल कंपन्यांनी अशा तेलाच्या बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये भाव देऊ केला. त्या वेळचा सरकारी अंदाज देशभरातून वर्षाला १४० कोटी लिटर वापरलेले तेल मिळू शकेल असा होता. देशाच्या डिझेलच्या खपापुढे हा आकडा लहान आहे, आणि वापरलेल्या तेलावर सगळ्या गाड्या चालतील असे म्हणणारा फसवतो आहे. पण इंधन हा त्याचा एकच फायदा आहे. पुन्हापुन्हा तापवलेले तेल माणसाच्या पोटात जाणार नाही आणि गटारातून पंचगंगेत उतरणार नाही, हा त्याहून मोठा.

अडचण अशी, की ५० लिटरची अट मोठ्या हॉटेलांना लागते, कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीला लागत नाही. आणि उरलेले तेल पुन्हा तळणीसाठी स्वस्तात मागणारे दुसरे, चोरटे गिऱ्हाईक तिथेच उभे असते. थोडे थोडे, हजार ठिकाणांहून गोळा करणे परवडत नाही, असे सांगितले जाते. कोल्हापूर जिल्ह्याने हे म्हणणे एकदा खोटे पाडलेले आहे. १९६३ साली सुरू झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघाने आणि पुढे वारणा दूध संघाने गावोगावच्या संस्थांमार्फत एकेका म्हशीचे दोन-चार लिटर दूध रोज सकाळ-संध्याकाळ मापले, प्रत्येकाची फॅट तपासली आणि भाव त्यावरून दिला. तेलातील ध्रुवीय संयुगे मोजण्याचे हातात धरायचे यंत्र आज बाजारात मिळते, आणि वापरलेले तेल दुधासारखे दोन तासांत नासत नाही, आठवड्यातून एकदा उचलले तरी चालते. त्याला भाव मात्र चोरट्या गिऱ्हाइकापेक्षा चार पैसे जास्त, आणि रोख, मिळायला हवा.