गोव्याला जाताना सुटणारे २० किलोमीटर: पिंगुळी ते सावंतवाडी

मुंबईहून गोव्याला निघालेली गाडी कुडाळ सोडते, झारापला पोहोचते आणि चौपदरी बायपासने थेट पत्रादेवी गाठते. वेळ वाचतो, पण सावंतवाडी राहून जाते. जुना मुंबई-गोवा हायवे मात्र आकेरीवरून, रामेश्वर मंदिराच्या गावातून, शहराच्या मधोमध जायचा. कुडाळ ते सावंतवाडी हे अंतर जेमतेम २० किलोमीटर. आंबा-काजूच्या बागा आणि जांभ्या दगडाची घरं बघत जायचा हा रस्ता.

पहिला थांबा कुडाळजवळच्या पिंगुळीचा. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. कागदावर रंगवलेली रामायण-महाभारतातली चित्रं एकेक करून समोर धरायची आणि वीणा, टाळ, हुडुक यांच्या साथीने गोष्ट गायची, असा हा खेळ. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणजे पान उलटलं की गोष्ट पुढे सरकते. चित्रांच्या अशा गठ्ठ्याला पोथी म्हणतात. थोडक्यात, सिनेमाच्या कितीतरी आधीचा सिनेमा! कळसूत्री बाहुल्या आणि चामडी बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही याच समाजाकडे आहे. परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात या कलांचं संग्रहालय उभं केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

चित्रकथीला राजाश्रय होता तो सावंतवाडीच्या भोसले घराण्याचा. मोती तलावाकाठच्या त्यांच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवली जाते. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत प्रत्येक अवताराचे १२, असे एकूण १२० पत्ते. राजा, प्रधान आणि एक ते दहा. राणी नाहीच! ही कला जवळपास संपली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी जुन्या कारागिरांकडून ती शिकून घेतली, म्हणून ती टिकली.

राजवाड्यापासून जवळच चितार आळी आहे. लाकडी खेळणी, रंगीत पाट, भातुकली आणि खरी वाटावीत अशी लाकडी फळं इथे मिळतात. बायपासचा फटका कुणाला, हे इथे आल्यावर कळतं. सहज गाडी थांबवून दोन खेळणी घेणारं गिऱ्हाईक शहराबाहेरूनच निघून जातं. त्यातून प्लास्टिकची खेळणी स्वस्त. घासून, रंगवून, चकाकी आणून तयार केलेल्या लाकडी फळाची किंमत त्यांच्याशी कशी जुळणार?

पिंगुळीत खेळ बघायचा असेल तर आधी कळवून जावं, कारण कलाकार रोज वाट बघत बसलेले नसतात. संग्रहालय आणि चितार आळी धरून अर्धा दिवस हाताशी ठेवावा. सावंतवाडीहून बांद्याकडे निघालं की गोव्याचा हायवे पुन्हा लागतोच.